पेटी ठेवायची की खेळ?

पुण्यातल्या एका मामा-भाचीत बरीच वर्षं एक वाद चालू आहे आणि त्याचा नेहमीचा श्रोता मी आहे. मामांच्या घरी मागच्या खोलीत व्हिडिओ गेमची एक उभी पेटी आहे. पार्लरमध्ये असायची तशीच, नाणं टाकायच्या फटीसकट, आणि आत काचेची खरी पिक्चर ट्यूब. शेजारच्या कपाटात अँटिस्टॅटिक पिशव्यांत गुंडाळून ठेवलेले बोर्ड. भाची हिंजवडीत इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करते. तिच्या मते या सगळ्याची जागा आता तळहाताएवढं एक सर्किट घेऊ शकतं. हा वाद इथे मांडतो आहे, कारण अशा पेट्या आपल्याकडे झपाट्याने भंगारात जात आहेत आणि ज्यांच्या घरी एखादा बोर्ड उरला आहे, त्यांना त्याचं काय करावं ते सांगणारं कुणी भेटत नाही.

भाची : मामा, मला मुस्तफा खेळायचा असेल तर लॅपटॉप उघडला की झालं. तुला पेटी भिंतीपासून ओढावी लागते, मागचं दार काढावं लागतं, बोर्ड बदला, व्होल्टेज तपासा. एवढा खटाटोप कशाला?

मामा : कारण तो खेळ दुसरीकडे रीतसर मिळतच नाही. आपण ज्याला मुस्तफा म्हणतो तो कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. मुस्तफा कैरो हे त्यातलं एक पात्र, आणि आपल्या पोरांनी अख्ख्या खेळालाच त्याचं नाव दिलं. मार्क शुल्त्झ यांच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकवर तो बेतलेला. म्हणजे कॉमिकचे हक्क वेगळे, शिवाय नावात मोटारगाडी. कॅपकॉमने २०१८ साली मारामारीचे सात जुने खेळ एकत्र करून विकायला काढले, त्यातही हा नव्हता. घरच्या यंत्रांसाठी तो अधिकृतपणे कधी आलाच नाही. आज कायद्याने खेळायचा तर अस्सल बोर्डच हवा.

भाची : आणि आपल्या पार्लरमधले बोर्ड अस्सल होते?

मामा : बरेचसे नक्कल केलेलेच होते.

भाची : मग तू जपतोस ते नेमकं काय? अस्सल बोर्डवर तू लहानपणी खेळलाच नसशील. पेटीसुद्धा इथल्याच सुताराने प्लायवुडची केलेली. त्यातला पडदा म्हणजे टीव्हीचा संच.

भाचीच्या या मुद्द्यात दम आहे, आणि तो फक्त आपल्याकडच्या पार्लरपुरता नाही. या धंद्यात सोवळं कुणीच पाळलं नव्हतं. निन्टेंडोचा ‘रडार स्कोप’ अमेरिकेत खपला नाही, तेव्हा पडून राहिलेल्या सुमारे २,००० पेट्यांच्या आतलं सामान बदलून १९८१ मध्ये त्यांचा ‘डाँकी काँग’ केला गेला. आज संग्राहक ज्या पेट्यांवर जीव टाकतात, त्यांतल्या काही अशा दुसऱ्यांदा जन्मलेल्या आहेत. पुढे तर हा बदल करणं सोपं व्हावं म्हणून एक मानकच ठरवण्यात आलं, आणि घरी पेटी मांडायची झाली तर त्याच मानकापासून सुरुवात करावी लागते.

मामा : जामा! जपानमधल्या यंत्र-उत्पादकांच्या संघटनेने १९८५ च्या सुमारास हे ठरवलं. बोर्डच्या कडेला छप्पन्न संपर्क, अठ्ठावीस वर नि अठ्ठावीस खाली. वीज, चित्राचे लाल-हिरवा-निळा आणि सिंक, आवाज, नाण्याचा स्विच, दोघांचे दांडे, दोघांची बटणं, सगळं त्या एका पट्टीत. एक बोर्ड उपसून दुसरा बसवला की खेळ बदलला. त्यामुळेच सामान्य माणसाला ही पेटी घरी ठेवता येते. एकच वायरिंग नीट केलं की शेकडो खेळांना ते चालतं.

भाची : आणि पट्टी उलटी बसली की बोर्ड गेला.

मामा : म्हणून सातव्या जागी खाच असते. ज्या वायरिंगला ती अटकाव करणारी चकती नाही, ते मी घरात घेत नाही. शिवाय या मानकात एकेका खेळाडूला तीनच बटणं. ‘स्ट्रीट फायटर टू’ला सहा लागतात, तेव्हा लाथांच्या तीन बटणांसाठी बोर्डवरून वेगळी वायर ओढावी लागते. नवखी माणसं इथे हमखास अडतात. बोर्ड खराब निघाला म्हणून परत करतात आणि तो बिचारा ठणठणीत असतो.

या जागी मामांच्या हाताचं काम जरा जवळून पाहण्यासारखं आहे. बोर्ड बसवण्याआधी ते त्याच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने हळूहळू घासतात. काळपट थर निघून पट्ट्या चमकू लागल्या की आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवतात. मग मल्टिमीटर. पॉवर सप्लायच्या टोकाला पाच व्होल्ट दिसले तरी त्यांचं समाधान होत नाही, कारण लांब वायरीत थोडा दाब गळतो. खेळ चालू असताना बोर्डच्या कडेवर, चिपच्या तोंडाशी काटा पाहायचा. तिथे ४.७ भरले तर चित्रात कचरा येतो, खेळ मधेच पुन्हा सुरू होतो. सप्लायवरचा छोटा स्क्रू केसभर फिरवून ते पाचाच्या जरा वर आणतात आणि हात काढून घेतात. सव्वापाचाच्या पलीकडे गेलं तर जुन्या चिपांचा भरवसा नाही. चांगले बोर्ड ‘बिघडलेले’ म्हणून विकले जातात ते बहुधा या मापाकडे कुणी पाहिलेलं नसतं म्हणून. ही माहिती महागड्या सुट्या भागांपेक्षा मोलाची आहे.

भाची : वायरिंग समजलं. पण ट्यूब कशाला? पेटी उचलायला चार माणसं लागतात ती त्या काचेमुळे.

मामा : कारण चित्र त्या काचेसाठी काढलेलं आहे. मुस्तफाचा पडदा ३८४ बाय २२४ ठिपक्यांचा. बोर्डमधून निघणारा सिग्नल पंधरा किलोहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे आपल्या जुन्या टीव्हीच्या जातीचा. संगणकाचा मॉनिटर साधारण एकतीसपासून पुढे ऐकतो. मधे कन्व्हर्टर घाल, चित्र ताणून मोठं कर, की विलंब आला. आणि त्या काळच्या चित्रकारांनी ठिपका ट्यूबवर कसा पसरतो ते बघूनच रंग भरले होते. सपाट पडद्यावर त्याच चेहऱ्याचे चौकोन होतात.

भाची : आता ट्यूबच्या चित्राची नक्कल करणारे शेडर इतके चांगले आहेत की रेषा, कडांची चमक, काचेचा फुगवटा सगळं मिळतं.

मामा : बंदुकीचं काय करशील? ‘व्हर्चुआ कॉप’, ‘टाइम क्रायसिस’. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. ट्यूबमधला किरण पडदा झाडत जाताना नेमक्या कोणत्या क्षणी समोरून गेला, त्यावरून नेम कुठे होता ते बोर्डला कळतं. सपाट पडद्यावर असा किरणच नाही. आणि अटारीचा १९७९ चा ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ बघ. त्याच्या पडद्यावर ठिपक्यांचं जाळंच नाही. किरण थेट रेषा ओढतो आणि गोळीच्या जागी थबकतो, त्यामुळे ती गोळी काळ्या काचेवर पेटल्यासारखी दिसते. हे मी नुसतं वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

भाची : त्या दोन्ही गोष्टी मान्य. पण तुझ्याकडे बंदूकही नाही नि अ‍ॅस्टेरॉइड्सही नाही. तुझ्याकडे आहे ती ट्यूब, आणि तिच्या अ‍ॅनोडवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट. बंद केल्यावरसुद्धा ते तिथे राहतात. लहान मुलं येतात या खोलीत.

मामा : मागच्या दाराला कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात.

मला इथे भाचीचाच कैवार घ्यावासा वाटतो. घरी पेटी मांडू पाहणारे लोक दांडा सान्वाचा घ्यावा की सेइमित्सूचा यावर तासन्‌तास बोलतात, आणि वीज हा विषय शेवटी उरकतात. क्रम उलटा हवा. जुन्या टीव्हीच्या अनेक संचांत चॅसिस थेट मेनशी जोडलेलं असतं. अशा संचाला बोर्ड जोडताना मधे आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर नसेल तर पेटीच्या धातूच्या भागालाही झटका असू शकतो. जपानहून आलेली सेगाची ‘अ‍ॅस्ट्रो सिटी’सारखी पेटी शंभर व्होल्टवर चालते. ती आपल्या २३० ला सरळ जोडली तर पहिल्याच दिवशी निकालात निघेल. अर्थिंग नसलेल्या प्लगवर यातलं काहीच लावू नये. ट्यूबला हात लावायचा तो जाणकारानेच.

मामांकडे येणारे जाणकार म्हणजे बुधवार पेठेतले एक वयस्क टीव्ही मेकॅनिक. एकदा पेटीतलं चित्र आक्रसून मधोमध एक आडवी पट्टी उरली होती, तेव्हा ते आले. आल्या आल्या त्यांनी प्लग उपसून स्वतःच्या पिशवीत टाकला. लांब पेचकसाच्या दांडीला वायर बांधून तिचं दुसरं टोक ट्यूबभोवतीच्या अर्थच्या पट्टीला अडकवलं, एक हात पाठीमागे धरला आणि दुसऱ्या हाताने पेचकसाचं टोक रबरी टोपीखाली सरकवलं. बारीकसा ‘टक्’ असा आवाज झाला. थोडं थांबून त्यांनी तेच पुन्हा केलं. मग भिंगातून चॅसिसची खालची बाजू पाहिली आणि व्हर्टिकल आयसीच्या एका पायाभोवती बोट टेकवून म्हणाले, “ड्राय सोल्डर.” केसाएवढं वर्तुळ होतं ते. डाग दिला आणि चित्र उघडलं.

मामा : हा माणूस गेला की हे गेलं, बघ. तुझ्या लॅपटॉपमध्ये याची नोंद नाही.

भाची : मग त्यांचं काम तू चित्रित का करत नाहीस? बोर्ड कपाटात जमा करतोस, पण ते कसे दुरुस्त होतात ते ज्याच्या डोक्यात आहे त्याला नुसता चहा पाजून घरी पाठवतोस.

मामांना यावर उत्तर सुचलं नाही, आणि मलाही सुचलेलं नाही. पिक्चर ट्यूबची विद्या आपल्याकडे घरची होती. औरंगाबादहून वाढलेल्या व्हिडिओकॉनने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा आख्खा व्यवसाय विकत घेतला होता. तोवर सपाट पडद्यांनी बाजार ओढायला सुरुवातही केली होती. दुकानादुकानांतून ट्यूब ओळखणारी जी माणसं होती, त्यांना पुढे काम राहिलं नाही. पेट्या गोळा करणाऱ्याने आधी अशा माणसाचा पत्ता गोळा करावा.

भाची : आता बॅटरीवर बोलू. तुझ्या कपाटातला सर्वांत मोठा धोका तोच आहे.

मामा : सीपीएस-२ च्या?

भाची : त्याही आणि नियो जिओच्याही. कॅपकॉमने १९९३ पासून सीपीएस-२ या बोर्डांत खेळ सांकेतिक करून ठेवले आणि ते उलगडायची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत ठेवली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. बोर्ड धडधाकट, पण पडद्यावर नुसता एक रंग. नक्कल होऊ नये म्हणून केलेली सोय, पण ती अस्सल गिऱ्हाइकालाच भोवली. तू पिशवीत घालून जपतोस, तरी बॅटरी तिच्या वेळेला संपणारच. पिशवीत असताना ती संपली तर तुला कळणारसुद्धा नाही.

मामा : नियो जिओला तसली किल्ली नाही.

भाची : त्याची तऱ्हा वेगळी. एसएनकेच्या एमव्हीएसमध्ये, म्हणजे नियो जिओच्या पार्लरच्या बोर्डमध्ये, बॅटरी असते ती फक्त सेटिंग आणि गुणांच्या नोंदी सांभाळायला. ती नसली तरी कॅसेट लावून खेळ चालतो. पण तीच बॅटरी वय झालं की पाझरते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. एकीकडे बॅटरी मरू द्यायची नाही, दुसरीकडे ती आधी काढून टाकायची. बोर्ड कुठला आहे हे न बघता ‘नीट ठेवलाय’ म्हणण्याला काही अर्थ नाही. त्यात आपल्याकडचा पावसाळा.

मामा : मेलेले सीपीएस-२ बोर्ड परत जिवंत करता येतात आता.

भाची : येतात, पण कुणामुळे? २००७ मध्ये ते सांकेतिक कोडं सोडवलं आंद्रेयास नायवे आणि निकोला साल्मोरिया यांनी. साल्मोरिया म्हणजे ज्याने १९९७ मध्ये मेम सुरू केलं तोच. जुन्या बोर्डांची नक्कल करणारं तेच सॉफ्टवेअर मी लॅपटॉपवर चालवते म्हणून तू नाक मुरडतोस. मग २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ आणि त्याच्या साथीदारांनी स्वस्तातल्या आर्डुइनोने किल्ली बोर्डमध्ये परत भरून दाखवली. तुझा खरा बोर्ड आज नकली बोर्डवाल्यांच्या कृपेवर जगतोय.

मामा : आणि त्यांनी कोडं सोडवलं ते कशावर? कुणाच्या तरी घरातल्या खऱ्या बोर्डवरच ना? तुझं ते तळहाताएवढं सर्किट, मिस्टर, घे. एफपीजीएवर चिपांची वागणूक हुबेहूब उभी करतात. स्पेनच्या होसे तेहादाने सीपीएसचे कोर लिहिले ते खऱ्या यंत्राशी ताडून बघितल्याशिवाय कसे बरोबर ठरले असते? मूळ जागेवर नसेल तर नक्कल चुकली की बरोबर आली हे सांगणार कोण? डाँकी काँगच्या एका विक्रमावरून अमेरिकेत कोर्टापर्यंत भांडण गेलं. चित्रफीत खऱ्या बोर्डची की मेमची, हा प्रश्न. एक पडदा जाऊन दुसरा येताना चित्र कोणत्या क्रमाने उमटतं यावर काथ्याकूट झाला, तो खऱ्या बोर्डशी तुलना करूनच.

भाची : मला हे सगळं पटतं. फक्त एक गोष्ट सांगते. त्यांना उपयोगी पडला तो कुणीतरी कपाटाबाहेर काढून दिलेला बोर्ड होता. ज्यांनी ईप्रॉम वाचून घेऊ दिले, चिपा उघडू दिल्या, स्कोप लावू दिला, त्यांचा संग्रह कामी आला. कुलपात बसलेल्या बोर्डने कुणाचं काय भलं केलं?

संपूर्ण वादात मला हे वाक्य सर्वांत खरं वाटतं. घरच्या संग्रहाचं समर्थन एकाच गोष्टीने होऊ शकतं : त्यातलं यंत्र चालू असलं पाहिजे आणि विचारणाऱ्याला ते उघडून पाहता आलं पाहिजे. कपाटात बोर्ड किती आहेत याला माझ्या लेखी महत्त्व नाही. न तपासता रचून ठेवलेल्या दहा बोर्डांपेक्षा रोज चालणारा एक बोर्ड मोठा संग्रह आहे. आणि भाचीचं लॅपटॉपचं टोक धरलं तर हे कळत नाही की लॅपटॉपवर मेमने दाखवलेलं कशाशी जुळवायचं. दोघांनाही एकमेकांची गरज आहे, आणि दोघेही ती आता बरीचशी ओळखून आहेत.

शेवटी विषय पार्लरवर येतोच.

मामा : एक गोष्ट मात्र पडद्यावर येणार नाही. मुस्तफा तिघांनी एकदम खेळायचा. खांद्याला खांदा, मागे दहा जण उभे, रुपया पेटीच्या काठावर ठेवून नंबर लावलेला. अनोळखी पोरगा मधेच येऊन तुझा जीव वाचवायचा.

भाची : त्या गर्दीत मुली किती होत्या?

मामा : ...नव्हत्याच.

भाची : आई तुझ्याच वयाची. ती कधी त्या दारातून आत गेली नाही, घरून जाऊ दिलंच नाही. मी पहिल्यांदा दांडा धरला तो या खोलीत. पार्लर गेलं याचं तुला दुःख आहे, ते समजतं. पण पार्लर सगळ्यांचं नव्हतं. ही पेटी मात्र होऊ शकते.

मामा : म्हणून तर रविवारी दार उघडं ठेवतो. सोसायटीतली पोरं-पोरी येतात की.

भाची : तेच तुझं सगळ्यात चांगलं काम आहे, असं मला वाटतं. कपाट नाही.

बाहेरच्या देशांत या कामाला सार्वजनिक जागा मिळाल्या. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या फनस्पॉटमध्ये जुन्या पेट्यांचं संग्रहालय आहे, इलिनॉयमधल्या ब्रुकफील्डला २०१० पासून गॅलपिंग घोस्टमध्ये एकदा पैसे भरून दिवसभर खेळता येतं, टोकियोच्या ताकादानोबाबाला मिकाडोमध्ये आजही जुने बोर्ड नाण्यावर चालतात. आपल्याकडे हा भार तूर्त घरांनी उचलला आहे, आणि घर म्हटलं की वारस आले, बदल्या आल्या, घर लहान पडणं आलं. मामांनी प्रत्येक बोर्डच्या पिशवीत आता एक कागद घातला आहे : बोर्ड कुठला, बॅटरी कधी बदलली, ईप्रॉम वाचून झाले का, कुठे डाग दिला. ती कल्पना भाचीची. बुधवार पेठेतल्या मेकॅनिकच्या पुढच्या कामाचं चित्रण ती स्वतः करणार आहे.

तुमच्या घरी, काकांच्या माळ्यावर किंवा बंद पडलेल्या एखाद्या दुकानाच्या गोदामात असा बोर्ड असेल, तर त्याला लगेच वीज देऊ नका आणि भंगारवाल्यालाही देऊ नका. आधी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा. बॅटरी दिसली तर तिचा जवळून फोटो घ्या आणि जाणकाराला विचारल्याशिवाय ती उपटू नका, कारण काही बोर्डांत ती ताबडतोब काढायची असते आणि काहींत क्षणभरही काढायची नसते. काळ्या चिपांवरच्या काचेच्या खिडकीवरचे कागदी स्टिकर सोलू नका, प्रकाशाने आतली माहिती पुसट होते. आणि जुना टीव्ही दुरुस्त करणारं कुणी तुमच्या पेठेत, गावात अजून दुकान उघडून बसलेलं असेल, तर या आठवड्यात जाऊन त्यांचा फोन नंबर घेऊन या.